उतारा कपाटात आणि पेशंट रस्त्यावर

मित्रांनो, पोस्ट लांब आहे. पण तुमच्या घरी धानाची बांधी असेल आणि घरातलं कुणी पाठीवर पंप घेऊन फवारणीला जात असेल, तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याला पाठवा.

शेतकऱ्याला 'उतारा' म्हटलं की सातबारा आठवतो. मी दुसऱ्या उताऱ्याबद्दल लिहितोय. विषावरच्या.

तीन वर्षांआधीची गोष्ट. पोळा होऊन गेला होता, धान पोटरीत आलं होतं आणि तुडतुडा पडला होता. माझा चुलत भाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, सकाळपासून फवारत होता. तोंडाला रुमाल, अंगात जुना शर्ट, पायात काहीच नाही. पंपाचं झाकण गळत होतं, पाठ पूर्ण ओली. दुपारी घरी आला तो डोकं धरून. मग उलट्या. तोंडातून लाळ थांबेना, घाम असा की अंथरूण भिजलं, छातीत घरघर. कपड्यातच संडास झाली. शेजारचा एक जण म्हणाला, "आज जास्तच घेतली वाटते." दादा दारूला हात लावत नाही. वहिनीने डोळे उघडून पाहिले तर बाहुली मोहरीएवढी झालेली.

गाडीत टाकून आम्ही जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण हा प्रश्न एका दवाखान्याचा नाही. तिथे डॉक्टर होते, सिस्टर होत्या, लाइटही होती. ॲट्रोपिनचं एक इंजेक्शन दिलं, एक सलाइन लावली आणि चिठ्ठी हातात ठेवली. "पाम नाही आमच्याकडे. इथं काही होत नाही. भंडाऱ्याले न्या." ट्रेमध्ये ॲट्रोपिनच्या आणखी काही कुप्या होत्या. मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या. तेव्हा मला त्यांचा अर्थ माहीत नव्हता.

पुढचा सव्वा तास आयुष्यात विसरणार नाही. गाडीत दादाच्या छातीतून हुक्क्यासारखा आवाज येत होता, तोंडातून फेस. वहिनी पदराने पुसत होती आणि मी ड्रायव्हरवर ओरडत होतो. मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा एका सिस्टरने दुसरं काहीही विचारायच्या आधी ॲट्रोपिन भरायला घेतलं. एकामागून एक कुप्या फोडत होती. पाच मिनिटांनी छातीला स्टेथो, नाडी, पुन्हा कुप्या. पहिल्या तासात तिने किती फोडल्या ते मी मोजलं नाही, पण खालचा डबा काचांनी भरला होता. हळूहळू घरघर कमी झाली. पुढे ऑक्सिजन, नंतर नागपूर, व्हेंटिलेटर, नऊ दिवस. त्या वर्षीचं धान विकून आलेले पैसे सगळे त्यात गेले.

दादा आज आहे. फवारणी सोडली त्याने. पण डोक्यातून एक प्रश्न जात नाही. दुसऱ्या दवाखान्यात त्याला जे औषध वाचवत होतं, तेच औषध पहिल्या दवाखान्याच्या ट्रेमध्ये पडलेलं होतं. मग आम्हाला सव्वा तास रस्त्यावर का पाठवलं?

त्यानंतर मी यावर जे मिळेल ते वाचलं, डॉक्टर मित्रांना छळलं. समजलं ते सोप्या भाषेत सांगतो.

आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या कीटकनाशकांचा एक गट आहे, ऑर्गनोफॉस्फरस. क्लोरपायरिफॉस, क्विनालफॉस, डायमेथोएट, मोनोक्रोटोफॉस ही त्यातलीच नावं. आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप देतात तो ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनातून. निरोप पोचला की ते रसायन लगेच झाडून टाकायला शरीरात एक झाडूवाला असतो, कोलिनेस्टरेज. हे विष त्या झाडूवाल्याचे हात बांधतं. निरोप साचत जातात. ग्रंथींना एकच हुकूम सतत मिळतो, म्हणून लाळ, घाम, डोळ्यांतून पाणी, छातीत पाणी. माणूस पुष्कळदा आपल्याच छातीतल्या पाण्यात बुडून जातो, कोरड्या जमिनीवर.

ॲट्रोपिन हे निरोप घेणाऱ्याचे कान बंद करतं. छाती कोरडी होते, मंदावलेली नाडी वर येते. हे काही नवं औषध नाही. एकोणिसाव्या शतकात बेलाडोना नावाच्या झाडातून वेगळं काढलेलं रसायन आहे. आपण महादेवाला वाहतो त्या धोतऱ्यातही याच कुळातलं विष असतं. (म्हणून कुणी धोतरा वाटून पाजायचा शहाणपणा करू नका, एकाचे दोन जीव जातील.) जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, भारत सरकारच्या यादीतही आहे. किंमत विचाराल तर कुपी चहा-नाश्त्याच्या हिशेबातली.

दुसरं औषध ते 'पाम'. पूर्ण नाव प्रॅलिडॉक्सिम. १९५५ च्या सुमारास अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात अर्विन विल्सन आणि सारा गिन्सबर्ग यांनी तयार केलं. हे झाडूवाल्याचे बांधलेले हात सोडवतं. पण एक अट आहे. गाठ ताजी असली पाहिजे. काही काळाने ती गाठ पक्की होते, मग पाम कितीही द्या, सुटत नाही. डायमेथोएट, मोनोक्रोटोफॉस यांच्यासारख्या विषांत तीन-चार तासांतच निम्म्या गाठी पक्क्या झालेल्या असतात. क्लोरपायरिफॉससारख्यांत जास्त वेळ मिळतो. आता लाखांदूर किंवा पवनीच्या टोकाच्या गावातून हिशेब करा. बांधीतून घरी, घरून पीएचसी, पीएचसीतून ग्रामीण रुग्णालय, तिथून भंडारा, तिथून नागपूर. प्रत्येक ठिकाणी एक चिठ्ठी. विष गाठ मारत राहतं आणि आपण चिठ्ठ्या गोळा करत राहतो.

आता कुणी डॉक्टर कमेंटमध्ये येऊन सांगणार, "पाम चालतं की नाही यावरच वाद आहे." बरोबर आहे साहेब. वाद आहे. वेल्लोरच्या डॉक्टरांना नव्वदीच्या दशकात त्याचा फायदा दिसला नव्हता. २००९ मध्ये श्रीलंकेतला अभ्यास आला, त्यातही पाम दिलेल्यांचं भलं झालं नाही. पण आपल्याच महाराष्ट्रातल्या बारामतीच्या गिरिराज हॉस्पिटलमध्ये डॉ. किर्ती पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०० पेशंटवर अभ्यास केला आणि तो २००६ मध्ये लॅन्सेट या जगप्रसिद्ध नियतकालिकात छापून आला. सुरुवातीला सगळ्यांना पामचा मोठा डोस. मग शंभर जणांना ४८ तास सलग, शंभर जणांना दर चार तासांनी थोडं थोडं. सलग दिलेल्यांत एक दगावला, दुसऱ्या गटात आठ. ते पेशंट लवकर पोचलेले होते आणि तिथे अतिदक्षता विभाग होता, हेही लक्षात घ्या. तात्पर्य काय, तर पाम कुणाला, किती आणि कधी द्यायचं यावर जाणत्यांत मतभेद आहेत.

पण ॲट्रोपिनबद्दल असा वाद नाही. श्वासाची वाट मोकळी ठेवणं, ऑक्सिजन आणि भरपूर ॲट्रोपिन, हा या उपचाराचा पाया आहे असं दोन्ही बाजूचे डॉक्टर सांगतात. म्हणजे ज्या औषधावर वाद आहे, ते नाही म्हणून आमच्या माणसाला पाठवून दिलं. आणि ज्या औषधावर वाद नाही, ते ट्रेमध्ये ठेवून दिलं. हाच माझा मुद्दा आहे. 'पाम नाही' हे वाक्य आपल्याकडे रेफर करण्याचं लायसन्स झालं आहे.

एका कुपीत साधारण ०.६ मिलिग्रॅम ॲट्रोपिन असतं. उपचाराच्या प्रचलित पद्धतीत मोठ्या माणसाला सुरुवातच तीन ते पाच कुप्यांनी होते. पाच मिनिटांनी तपासायचं, छातीतली घरघर गेली नाही, नाडी आणि बीपी वर आला नाही, तर डोस दुप्पट. असं छाती कोरडी होईपर्यंत. गंभीर पेशंटला पहिल्या दिवसात शंभरच्या वर कुप्या लागू शकतात. (हे डॉक्टर-सिस्टरांसाठी आहे, घरी करायचं काम नाही.) दादाला मिळाली होती एक. म्हणजे घराला आग लागली आणि फायर ब्रिगेडने एक तांब्या पाणी टाकून सांगितलं, बाकीचं नागपूरला मिळेल.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. पीएचसीतल्या डॉक्टरांवर माझा राग नाही. कितीतरी ठिकाणी एकच डॉक्टर, त्याच्याच डोक्यावर ओपीडी, बाळंतपण, कॅम्प, ऑनलाइन रिपोर्ट. ॲट्रोपिन जास्त झालं तर पेशंट भ्रमिष्ट होतो, ओढाताण करतो, नातेवाईक अंगावर धावून येतात. पेशंट दवाखान्यात गेला तर तोडफोड, रस्त्यात गेला तर नशीब. मग डॉक्टर चिठ्ठी लिहिणार नाही तर काय करणार? तेव्हा दोष आपलाही आहे. पण त्या डॉक्टरला हंगामाआधी दोन तासांचं प्रशिक्षण, भिंतीवर डोसचा तक्ता आणि कपाटात पुरेशा कुप्या देणं हे काम कुणाचं आहे? ते पेशंटच्या नातेवाइकाचं तर नक्कीच नाही.

"भंडाऱ्यात कुठे एवढ्या केसेस होतात, ते तर यवतमाळचं," असंही ऐकलं. २०१७ चा पावसाळा आठवा. यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. मग सरकार जागं झालं, अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमलं, दुकानांवर धाडी पडल्या. मोनोक्रोटोफॉसवर बंदीचा केंद्राचा आदेश यायला २०२३ उजाडलं, आणि त्यातही शिल्लक माल विकायला वर्षभराची मुभा. फोरेट आणि ट्रायझोफॉस ही धानवाल्यांच्या ओळखीची नावं, ती २०२० च्या शेवटी बंद झाली. बंदी चांगलीच आहे, अजून व्हायला पाहिजे. पण घरातल्या फळीवर, गोठ्याच्या कोनाड्यात जुना डबा अजून असतोच. आणि बंदी नसलेलं विष आजही कृषी केंद्रात रोज विकलं जातं.

मरणं मोजून मग जागं व्हायची सवय भंडाऱ्याला नवी नाही. ९ जानेवारी २०२१ ची पहाट आपण कुणी विसरलो नाही. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षात आग लागली, दहा बाळं गेली. त्यानंतर राज्यभर फायर ऑडिटचे आदेश निघाले. आधी का नाही निघाले? विषबाधेचं ऑडिट कुठल्या आकड्यानंतर करणार आहात, ते एकदा सांगून टाका.

आणखी एक गोष्ट, जी उघडपणे बोलली जात नाही. विषबाधेचा प्रत्येक पेशंट फवारणीतला नसतो. कर्ज, भांडण, नापिकी, परीक्षा... माणूस एका क्षणात डबा उचलतो. असा पेशंट आला की दवाखान्यातली नजर बदलते. "स्वतःच घेतलं ना, आधी पोलिसांना कळवा." ऐका. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं आहे की आधी जीव वाचवा, पोलिसांचे कागद नंतर. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार अशा माणसाला गुन्हेगार म्हणून नाही, तर प्रचंड तणावाखाली असलेला माणूस म्हणून बघायचं आहे. ॲट्रोपिन कुणाची चूक विचारत नाही. आपणही विचारू नये. वाचलेल्यांपैकी कितीतरी जण दुसऱ्या दिवशी रडत सांगतात की मला मरायचं नव्हतं.

आता दुकानदार आणि कंपन्या. कीटकनाशक कायदा १९६८ चा आहे. तो आला कशामुळे? १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन सांडलेलं धान्य-पीठ खाऊन शंभरावर माणसं मेली, त्यानंतरच्या चौकशीतून. त्या कायद्याखालचे १९७१ चे नियम आहेत. त्यातला नियम ४१ वाचा. कीटकनाशकांचे उत्पादक, वितरक आणि पैसे घेऊन फवारणी करणारे यांनी प्रथमोपचाराचं साहित्य, उतारे, इंजेक्शनं, औषधं यांचा पुरेसा साठा ठेवला पाहिजे, असं तिथे लिहिलं आहे. भाऊ, तुम्ही आयुष्यात किती दुकानांत गेलात? कुठे दिसला साठा? गावातला दुकानदार हा 'वितरक' नाही, असं वकील म्हणतील. ठीक आहे. जिल्ह्याला माल पुरवणारे तर वितरक आहेत ना? डब्यावर बारीक अक्षरात उताऱ्याचं नाव छापायचं, आणि तो उतारा तालुक्यात आहे की नाही हे बघायचं नाही. विष बांधावर घरपोच, उतारा साठ किलोमीटरवर. हा कुठला धंदा?

पैशांचं कारण तर सांगूच नका. औषधखरेदी आधी हाफकिनकडे होती, २०२३ मध्ये त्यासाठी वेगळं प्राधिकरण झालं. खरेदी मुंबईत अडकते हे मान्य. पण जिल्हा नियोजन समितीचा निधी इथेच आहे. रुग्ण कल्याण समितीचा पैसा दवाखान्यातच आहे. काही हजारांत एका पीएचसीचा हंगामभराचा ॲट्रोपिनचा साठा होतो. एखाद्या उद्घाटनाच्या मंडप-हाराचा खर्च यापेक्षा जास्त असतो. २०२४ मध्ये आपल्याकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आलं, बॅनर लागले, श्रेयासाठी रांग लागली. चांगलं झालं. आता त्याच महाविद्यालयाच्या डॉक्टरांना जुलैमध्ये प्रत्येक तालुक्यात पाठवा ना प्रशिक्षणाला.

माझ्या मागण्या मोजून सहा आहेत. आमदार, खासदार, पालकमंत्री, जिल्हाधिकारी, सीईओ, डीएचओ, सिव्हिल सर्जन, सगळ्यांसाठी.

१. जुलै ते ऑक्टोबर आणि उन्हाळी धानाच्या हंगामात जिल्ह्यातल्या प्रत्येक पीएचसीत किमान शंभर कुप्या ॲट्रोपिन, चालू सक्शन मशीन आणि भरलेला ऑक्सिजन सिलिंडर.

२. प्रत्येक ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात पाम, आणि ते कसं द्यायचं हे माहीत असलेला माणूस.

३. ॲट्रोपिन सुरू केल्याशिवाय रेफर नाही. रेफरच्या चिठ्ठीवर किती वाजता किती कुप्या दिल्या, नाडी किती, बाहुली कशी, हे लिहिणं सक्तीचं.

४. १०८ च्या गाडीत ॲट्रोपिन, आणि रस्त्यातही ते चालू ठेवणारा डॉक्टर. पेशंटला खासगी जीपमध्ये कोंबून पाठवणं बंद.

५. साठा ई-औषधीच्या पासवर्डमागे नको. दवाखान्याच्या दारावर खडूने लिहा: आज ॲट्रोपिन किती, पाम किती, सर्पदंशाची लस किती.

६. नियम ४१ ची तपासणी. कृषी विभागाने जिल्ह्यातल्या वितरकांकडे जाऊन साठा बघावा आणि अहवाल जाहीर करावा.

या मागण्यांचं निवेदन मी तयार केलं आहे. ज्यांना आपल्या ग्रामसभेत ठराव घ्यायचा आहे त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव टाका, मजकूर पाठवतो. आणि माहिती अधिकारात आपल्या पीएचसीचा मागच्या तीन हंगामांचा ॲट्रोपिनचा साठा मागा. दहा रुपये लागतात.

आपल्या हातातलं थोडं. फवारताना कुणाला मळमळ, लाळ, घाम, धूसर दिसणं सुरू झालं की फवारणी तिथेच बंद. भिजलेले कपडे काढा, साबण-पाण्याने अंग धुवा, धुणाऱ्याने हातात प्लास्टिक घालावं. मिठाचं पाणी, दूध, तूप पाजून उलटी करवू नका. शुद्ध जात असेल तर डाव्या कुशीवर झोपवा. १०८ लावा. आणि डबा सोबत न्याच, कारण सगळ्या विषांवर ॲट्रोपिन चालत नाही. पॅराक्वाट नावाच्या तणनाशकावर तर उताराच नाही. डबा पाहिल्याशिवाय डॉक्टर अंधारात असतो.

मनात काळोख दाटला असेल, किंवा घरात कुणी गप्प गप्प झालं असेल, तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट, मराठीत बोलतात. आणि विषाचा डबा घरात ठेवू नका. कुलूप लावा, किल्ली दुसऱ्याकडे द्या.

येत्या हंगामात धान पुन्हा पोटरीत येईल, तुडतुडा पडेल, पंप पाठीवर चढतील. त्याआधी तुमच्या पीएचसीत एक चक्कर मारा आणि नम्रपणे विचारा, "मॅडम, ॲट्रोपिनच्या किती कुप्या आहेत?" उत्तर आलं की इथे लिहा. जो आकडा येईल तो, तारखेसह. मी यादी करतोय.